यंत्र गप्प बसलं

१

सोसायटीच्या गोदामाचं कुलूप शाबूत होतं. दार शाबूत होतं. दारासमोर बाजेवर पसरलेला वॉचमन रामकिसन तर सगळ्यांत शाबूत होता. गायब होता तो फक्त डबा.

डॉक्टर उत्तरेश्वर त्या रिकाम्या कोपऱ्याकडं बघतच राहिले.

डॉक्टर म्हणजे सुई टोचणारे नव्हेत. मुंबईला अणुखात्यात शास्त्रज्ञ. धामणटाकळीतून आष्टीला, आष्टीतून औरंगाबादला आणि तिथून थेट अणूच्या पोटात शिरलेला गावातला हा एकुलता एक माणूस. गावाला वाटायचं, हा बाँब करतो. खरं म्हणजे पहिलं यंत्र त्यांनी कागदावर काढलं, ते मंजूर होऊन येईपर्यंत त्याचे भाग बनवणारा कारखाना बुडाला. दुसरं यंत्र तयार झालं, पण त्याला खोली मिळेना, म्हणून ते व्हरांड्यात उभं राहिलं आणि पावसाळ्यात लोक त्यावर छत्र्या वाळत घालू लागले. मग खात्यानं त्यांना समित्यांवर बसवलं. बसता बसता केस पांढरे झाले.

रिटायर व्हायच्या आत एकदा तरी आपल्या विद्येचा आपल्या गावाला उपयोग व्हावा, एवढीच त्यांची हौस. दुष्काळाचं दुसरं वर्ष लागलं तेव्हा त्यांनी साहेबांच्या हातापाया पडून हे काम मिळवलं. डबा घेऊन गावात जायचं, जमिनीत नळी घालून ओल मोजायची आणि विहीर कुठं खणायची ते सांगायचं.

डबा लोखंडी, आतून मेणानं भरलेला, एका धडधाकट माणसाला कसाबसा उचलेल असा जड. मेणाच्या मधोमध करंगळीच्या पेराएवढी पोलादी कुपी. त्या कुपीतून डोळ्याला न दिसणारे कण सुटतात. आणि शुक्रवारी मुंबईहून सुरक्षा अधिकारी डबा जागेवर आहे का ते बघायला येणार होता. डबा नसला तर नोकरी गेली, पेन्शन गेली, वर अणूची चोरी म्हणून तुरुंग. आज होता मंगळवार.

"रामकिसन, रात्री इथं कोण आलं होतं?"

"रातच्याला कुनी न्हाई आलं सायेब. आईची आन. मी टक्क जागा होतो."

"आणि दिवसा?"

"दिवसा मी झोपलेलो असतोय." रामकिसनला प्रश्नच कळेना. "रातभर जागतोय म्हनल्यावर दिवसा झोपू नगं का मानसानं?"

म्हणजे चोरी दिवसाढवळ्या झाली होती, वॉचमनच्या उशाला. आणि कुलूप किल्लीनं उघडलं होतं. किल्ली एकच, डॉक्टरांच्या सदऱ्याच्या खिशात. आत्ताही होती.

रामकिसननं जवळ येऊन नाक फेंदारलं. "एक इचारू का सायेब? लई झ्याक वास मारतोय तुमचा. साबन कंचा लावताय?"

डॉक्टरांना या वेळी साबणाची चौकशी फार लागली. त्यांनी उत्तरच दिलं नाही. तिथंच ते चुकले.

२

"पोलिसात जायचं न्हाई," चेअरमन सुंदरराव म्हणाले.

सुंदरराव सोसायटीचे चेअरमन. गावातला टँकर सोसायटीचा, जनावरांची चारा छावणी सोसायटीची, त्यामुळं दुष्काळही एका परीनं सोसायटीचाच.

"अहो, पण चोरी झाली आहे."

"झाली की. पन फौजदार एका चोरीसाठी गावात शिरला तर एका चोरीवर थांबतोय व्हय? मग त्यो छावणीत डोकावनार. जनावरं मोजनार. नगंच ते. डबा गावातच आसंल. गावाबाहेर जायाला वाट कुठं हाय? यष्टी बंद हाय, टँकरचा पाटा तुटून परवापास्नं पडलाय, आन् जीप तुमच्याच बुडाखाली."

एवढं मात्र खरं होतं. डॉक्टरांनी स्वतःच तपास करायचं ठरवलं. जन्मात त्यांनी यंत्रांशिवाय कुणावर संशय घेतलेला नव्हता. पण त्यांच्याकडं एक हुकमाचं पान होतं. डब्यातून मेण ओलांडून थोडे कण बाहेर पडतातच, आणि गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं तरी मोजयंत्राला त्यांची चाहूल लागते. ते टिकटिक करायला लागतं. चोर टिकटिक लपवणार कुठं?

यंत्र गळ्यात अडकवून डॉक्टर निघाले. मागं गाव निघालं.

चेअरमनच्या घरापुढं यंत्र गप्प. मारुतीच्या देवळात गप्प. छावणीत शेकडो जनावरं, तिथं गप्प. तिथं मंजुळाबाई म्हातारी आपल्या गाईशेजारी गोणपाटावर बसली होती. तिनं लुगडं वर करून गुडघा पुढं केला.

"हितं लाव की बाबा जरा. कवाधरनं ठनकतोय."

"मावशी, हे दुखण्याचं यंत्र नाही."

"मंग कशाचा डाक्टर म्हनं तू?" म्हातारी फिसकारली. "आमची जनावरं हितं उन्हात पडल्याती. तुज्या भावाची म्हैस तेवढी घरी. का, तर तिला गर्दी सोसत न्हाई! म्हशीला! आन् तुज्याकडं बघ, कसा तुकतुकीत दिसतोयस."

गावभर फिरून झालं. घर सोडलं नाही, गोठा सोडला नाही, भोवतालची वावरं सोडली नाहीत, उकिरडासुद्धा सोडला नाही. यंत्रानं एकदाही तोंड उघडलं नाही. डॉक्टरांना वाटलं, मेलं बहुतेक. त्यांनी यंत्रासोबत तपासणीसाठी दिलेला खडा त्याच्यापुढं धरला.

टिक, टिक, टिक. यंत्र ठणठणीत होतं.

म्हणजे डबा गावाबाहेर गेला नव्हता. आणि डबा गावात कुठंच नव्हता.

३

बुधवारी सकाळी भावाच्या ओसरीवर चहा पिताना डॉक्टरांच्या डोक्यात उजेड पडला, आणि ते एकटेच हसायला लागले. भावजय कौशल्याबाई चुलीपासून उठून दारात आली.

"काय झालं भावजी?"

"काही नाही वैनी. चोरानं माझ्यापेक्षा चांगलं फिजिक्स लावलंय."

कण अडवायला लोखंड नको, भिंत नको. त्यांना जिरवतं ते मेण, नाहीतर पाणी; आणि एवढं मेण गावात कुठलं. दगडातून ते आरपार जातात, पण पुरुषभर पाणी मध्ये आलं की संपले. यंत्र गप्प होतं याचा अर्थ डबा पाण्याच्या तळाशी होता.

हसू तिथंच थांबलं. धामणटाकळीत पुरुषभर पाणी? इथं घरामागं रोज दोन घागरी मिळत होत्या, त्याही टँकर आला तर. नदीत पोरं क्रिकेट खेळत होती. विहिरींच्या तळाला बाभळी उगवल्या होत्या. चोर शोधायचा म्हणजे आधी पाणी शोधायचं, आणि पाणी शोधणारा डबा तर चोरीला गेलेला.

पाणी दडवून ठेवण्याची ऐपत गावात एकाचीच. सुंदररावांच्या मळ्यात सिमेंटचा मोठा हौद होता, वर पत्र्याचं झाकण, झाकणाला कुलूप. डॉक्टर तडक तिथं पोचले.

"हौद उघडा."

सुंदररावांच्या कपाळाला घाम आला. त्या सुकलेल्या गावात तेवढाच काय तो ओलावा. "त्यात काय न्हाई. कोरडा ठाक हाय."

"मग कुलूप कशाला?"

"सवय!"

"उघडा, नाहीतर मी फौजदाराला बोलावतो."

कुलूप निघालं. झाकण सरकलं. डॉक्टरांनी आत वाकून बघितलं. हौद काठोकाठ भरलेला होता. पेंडीच्या पोत्यांनी. प्रत्येक पोत्यावर छावणीचा शिक्का. जनावरं तिकडं कोरडं चिपाड चघळत होती, आणि त्यांची पेंड इथं गारव्याला निजली होती.

सुंदररावांनी झाकण हळूच परत ओढलं.

"तुमचा डबा हाय का ह्यात?"

यंत्र गप्प होतं. आणि पोत्यांत कसलं आलंय पुरुषभर पाणी.

"नाही."

"मंग तुमचा तपास संपला. हा दुसरा इषय हाय, त्याला दुसरी समिती लागंल." मग त्यांनी आवाज मऊ केला. "डाक्टर, परवा तुमचा सायेब येनार. तुमी माजा हौद बघितला न्हाई, मी तुमचा डबा हरवल्याला ऐकला न्हाई. जमतंय का?"

डॉक्टरांनी मान हलवली. आपण आत्ता कशाला होकार दिला, हे कळायला त्यांना रस्त्याला लागेपर्यंत वेळ लागला.

४

उरला बद्रीनाथ. बद्रीनाथ पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून चालायचं, नारळ उभा राहिला की खाली पाणी, ही त्याची विद्या. डॉक्टरांचा डबा गावात आला आणि त्याचं दुकान बसलं. डबा नाहीसा व्हावा असं त्याच्याइतकं कुणाला वाटणार?

"मी कशाला चोरू बे तुमचा डबा?" बद्रीनाथ पारावर तंबाखू मळत होता. "मला उचलंल तरी का? माजा नारळ बरा, फुटला तर चटनी तरी हुती."

"तुझ्या नारळानं आजवर किती ठिकाणी पाणी दाखवलं?"

"गावभर दाखवलं."

"आणि लागलं किती ठिकाणी?"

"त्ये नारळाला इचारा. त्यो नुसता उभा ऱ्हातोय, खनत न्हाई." पारावरची माणसं हसली. बद्रीनाथनं चिमूट ओठात सोडली. "पन एक सांगतो. माजा नारळ खोटा हाय हे आख्ख्या गावाला ठावं हाय. तरी बी समदे मला वावरात फिरू देतेत, च्या पाजतेत. तेवढीच आशा. एकानंच काठी घिऊन हाकललं. तुमच्या भावानं. पऱ्हाट्याच्या गंजीपाशी गेलतो, तर अंगावर आला. कावून? माजा नारळ खोटा, तर मंग त्याला भ्या कशाचं?"

"दादाला असल्या थोतांडाचा राग येतो."

"आसंल." बद्रीनाथनं डॉक्टरांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "काय बी म्हना, तुमी लई नवरदेवावानी दिसताय. आमच्या अंगाला बैलपोळ्यापास्नं पानी लागलं न्हाई. बसा की जवळ. का वास येतोय?"

डॉक्टर घरी आले. उद्या गुरुवार. हातात काहीच नव्हतं. ओसरीवर यंत्र ठेवून त्यांनी सदरा काढला आणि खुंटीला अडकवला.

"भावजी, पानी काढलंय," आतून कौशल्याबाईची हाक आली.

न्हाणीत दोन बादल्या वाफाळत होत्या. डॉक्टर पाटावर बसले, तांब्या बुडवला, डोक्यावर नेला, आणि हात तसाच वर राहिला.

मुंबईत सरकारी क्वार्टरमध्ये नळ सोडला की पाणी येतं. उभ्या आयुष्यात त्यांनी आंघोळीचा कधी विचारच केला नव्हता. आल्या दिवसापासून ते इथं रोज सकाळ-संध्याकाळ आंघोळ करत होते. घरामागं दोन घागरी मिळणाऱ्या गावात. टँकर मोडून पडला होता, तरीही. रामकिसनला साबणाचा वास आला. मंजुळाबाईला ते तुकतुकीत दिसले. बद्रीनाथला नवरदेवासारखे दिसले. अख्ख्या गावानं पुरावा नाकानं हुंगला होता, आणि पुरावा स्वतः गळ्यात यंत्र अडकवून गावभर चोर शोधत फिरत होता.

आणि सोमवारी? सोमवारी सकाळी चहा पिताना ते मोठ्या कौतुकानं म्हणाले होते, "दादा, उद्यापासून मोजणी सुरू. पहिली नळी आपल्या वावरात. पहिलं पाणी आपल्याला!" दादा कप खाली ठेवून गोठ्याकडं गेला होता. आणि त्याच दुपारी, संध्याकाळची वाट न बघता पाणी काढून, वैनी म्हणाली होती, "भावजी, आज डोक्यावरनं घ्या. चांगलं चोळून घ्या. घाई करू नगा."

ते चांगले चोळून घेत होते, आणि सदरा खुंटीला होता. सदऱ्यात किल्ली होती.

डॉक्टरांनी तांब्या हळूच बादलीत सोडला. पाणी आवाज करणार नाही अशा बेतानं.

५

गावकुसाबाहेर दादाच्या, म्हणजे धुळाजीच्या, वावरात पऱ्हाट्यांची गंज उभी होती. काळवंडलेली, घराएवढी. कापसाच्या त्या वाळक्या काटक्यांना जनावर तोंड लावत नाही, म्हणून दुष्काळातही त्या कुणी चोरल्या नव्हत्या. धुळाजी गंजीच्या सावलीला बसून दोर वळत होता.

डॉक्टरांनी यंत्र खाली ठेवलं. ते गप्पच होतं. त्याला आता काही विचारायचंही नव्हतं.

"दादा, इथं आपली जुनी विहीर होती."

"बुजली."

"उकरलीस कधी?"

दोर वळणारे हात थांबले. धुळाजीनं भावाकडं बघितलं, मग लांब गावाकडं.

"गेल्या साली. मी आन् ती, दोगंच. तळाला झरा लागला. दीड पुरुष पानी हाय." तो हे इतक्या हळू म्हणाला, जणू पाणी ऐकेल आणि निघून जाईल. "कुनाला ठावं न्हाई."

"डबा आत टाकलास."

"टाकला. गोनीत घालून आनला, गंजीच्या बुडाला पोहरा जाईल येवढी फट हाय, त्यातनं इहिरीत सोडला. दुष्काळात गोनी घिऊन जानाऱ्याला कुनी इचारत न्हाई. समदेच छावनीतनं काय ना काय न्हेतेत. आन् कुनाची नजर जात न्हाई अशी जागा माज्याकडं येवढीच."

"पण का दादा? मला सांगायचं होतंस!"

"तू सरकारी मानूस. तुला सांगितलं का सरकारला सांगितलं. तुजी नळी हितं घुसली आसती, कागदावर पानी आलं आसतं, आन् तिसऱ्या दिशी तहसीलची मानसं इहीर ताब्यात घ्यायला. मंग सुंदररावाचा टँकर. दोन दिसांत तळ. आर्दं पानी गावाला, आर्दं कुठं जाईल तुला ठावं." धुळाजीनं दोराचं टोक दाताखाली धरून ओढलं. "ह्या पान्यावर म्हैस हाय, बैल हायती. ह्या पान्यापायी मुकादमाला न्हाई म्हनलो. पंचवीस वर्सं आमी नवराबायको कोयता घिऊन ऊस तोडायला गेलो. तिची कंबर ऱ्हायली न्हाई. औंदा पयल्यांदा घरी हाव."

डॉक्टर ढेकळावर बसले.

गप्प राहावं, तर शुक्रवारी नोकरी जाणार आणि आपण तुरुंगात. खरं सांगावं, तर दादा तुरुंगात. आणि डबा आत सोडायला फट पुरली, तरी तळातून वर काढायचा म्हणजे ही घराएवढी गंज हलवायची, भर दिवसा, दहा माणसं लावून. विहीर झाकून डबा काढायची सोय नव्हती.

"काढ तुजा डबा," धुळाजीच म्हणाला. "तुजं आयुष्य हाय. मी काय म्हननार."

"मी सांगतो की गाडीतून नेताना विहिरीत पडला. चोरीचं नाव नाही. तुला काही होणार नाही दादा. पाणी गावाला जाईल, आपण तहसीलदाराशी बोलू, तुझ्या जनावरांपुरतं राखून ठेवू."

धुळाजीनं दोर बाजूला ठेवला. तेवढ्यात त्यालाही थोडी आशा वाटली असावी, कारण तो उठला आणि त्यानं स्वतःच गंजीतली पहिली पेंढी ओढली.

६

शुक्रवारी डबा जागेवर होता. सुरक्षा अधिकाऱ्यानं तो मोजला. एक. यादीतही एकच होता. मग त्यानं डॉक्टरांचा अहवाल वाचला, समाधानानं मान हलवली, आणि बॅगेतून नियमावली काढली.

"पाण्यात पडला होता ना? मग कलम लागू होतं सर. पाण्याचा नमुना मुंबईला जाईल. अहवाल येईपर्यंत विहिरीचा वापर बंद. माणसांना आणि जनावरांनाही."

"पण कुपी शाबूत आहे! मेणालासुद्धा ओल नाही. मी स्वतः मोजलंय."

"तुम्ही मोजलं ते ठीक आहे सर, पण कलमात प्रयोगशाळा लिहिलंय." त्यानं पान उलटं करून दाखवलं. "समितीचे अध्यक्ष तुम्हीच होता की."

खाली खरंच त्यांची सही होती. मुंबईत, पंख्याखाली, बिस्किटं खाताना केलेली. एक नळ बंद केला तर माणूस दुसरा सोडेल, असं समितीनं गृहीत धरलं होतं.

"अहवाल कधी येतो?"

"दिवाळीनंतर कधीतरी. संक्रांत धरून चाला."

बोर्ड तिथल्या तिथं रंगवून घेतला: 'धोका. किरणोत्सर्गाची शक्यता. हे पाणी वापरू नये.' खाली जबाबदार अधिकारी म्हणून डॉक्टर उत्तरेश्वर यांची सही. त्यांनी पेन थोडा वेळ हातात धरला. सही केली नाही तर अहवाल अपुरा, अहवाल अपुरा तर चौकशी, आणि चौकशी झाली की गोणी कुणाच्या खांद्यावर होती ते निघणार. पेन्शनचंही त्यांच्या मनात आलं. नाही कसं, आलं. त्यांनी सही केली.

सुंदररावांनी सोसायटीतर्फे तारेचं कुंपण ठोकून दिलं आणि भाषणही केलं. पण कुंपणाची गरजच नव्हती. गावातल्या बायका रिकाम्या घागरी कमरेवर घेऊन यायच्या आणि लांब उभ्या राहून नुसतं बघायच्या. दोन वर्षांत भरलेली विहीर कुणी पाहिली नव्हती. मंजुळाबाईची शेळी तारेखालून काठाकडं गेली, तर म्हातारी ठणकणाऱ्या गुडघ्यानं धावली आणि तिला शिंगाला धरून मागं ओढलं.

"मर तिकडं तहानेनं," ती शेळीला म्हणाली, "पन हितं नगं."

डॉक्टर पारावर उभे राहून ओरडून सांगत होते, "पाणी चांगलं आहे! मी शास्त्रज्ञ आहे, मी सांगतो!"

"बोर्डावर कुनाची सही हाय?" बद्रीनाथनं विचारलं. पारावर कुणी हसलं नाही.

सोमवारी सकाळी ऊसतोडीला जाणारा ट्रक गावात आला. म्हैस छावणीत गेली, बैल गेले. कौशल्याबाई कमरेला फडकं आवळून ट्रकमध्ये बोचक्यांवर चढून बसली होती. तिनं डॉक्टरांकडं बघितलं नाही. त्यांची जीपही निघायच्या तयारीत होती. मुंबईहून तार आली होती, डबा परत मिळवल्याबद्दल खात्यानं त्यांची प्रशंसा केली होती.

धुळाजी मागच्या फळीला कोयत्यांची जुडी बांधत होता.

"दादा, नको जाऊस रे." डॉक्टरांची मुंबईची भाषा कुठल्या कुठं गेली. "पानी चांगलं हाय. थेंबाला बी काय झालं न्हाई. तुजी शपथ."

"खरं म्हनतोस?"

"खरं."

"मंग त्या बोर्डावर तसं लिव्ह." धुळाजीचा आवाज शांत होता. त्यात टोमणा नव्हता, राग नव्हता. तो खरंच विचारत होता. "पानी चांगलं हाय म्हून लिव्ह, आन् खाली सही कर. मी आत्ता बिऱ्हाड उतरवतो. म्हैस सोडून आनतो. समद्या गावाला पाजतो."

पेन डॉक्टरांच्या खिशाला होता.

"ए चला बे, बसा लवकर!" ट्रकचा क्लीनर ओरडला.

धुळाजी थांबला. एक पाय ट्रकच्या चाकावर, एक जमिनीवर. भावाच्या हाताकडं बघत तो बराच वेळ तसाच उभा राहिला.

मग त्यानं दुसरा पायही वर घेतला.